मागून ठोकलेला पंप

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण सुधाकरच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मी एकदाच बसलो. आम्ही दोघं तारापूरला एकाच कारखान्यात होतो. त्या गाडीचा पेट्रोल पंप मागे, डिकीखाली होता. तो अडकला की पान्याने ठोकायचा, मग टकटक करत चालू व्हायचा.

चिंचणीहून येताना भर दुपारी खाडीकाठच्या खाजणापाशी गाडी बंद पडली. सुधाकर सीटखाली पाना शोधत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी ठोकल्याचा आवाज आला. पंप टकटकू लागला. आरशात रस्ता मोकळा होता. सुधाकरने गाडी काढली आणि थेट बोईसरला मेकॅनिककडे थांबवली.

मेकॅनिकने पंप उघडला. "साहब, कॉइल पूरी जली हुई है. ये ठोकने से भी नहीं चलेगा. धक्का मारके लाए क्या?"

"चलाके लाए," मी म्हणालो.

त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि नवा पंप आणायला आत गेला.

नवा पंप बसला, गाडी झकास चालू झाली. सुधाकरने किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तू घेऊन ये. मी एसटीने येतो."

मी किल्ली खिशात टाकली आणि त्याच्यामागोमाग स्टँडवर गेलो.