रूथच्या कार्डाची पाठ

(जेवणाच्या टेबलावर धर्मकथांच्या कोशाची प्रुफं. सासूबाई छापलेलं मोठ्याने वाचतायत. सून त्यांच्या हातचं मूळ कार्ड समोर धरून ताडून बघतेय.)

सासूबाई: ...अमृत गळ्याखाली उतरायच्या आत मान उडाली, म्हणून नुसतं डोकं अमर झालं, पूर्णविराम. राहू संपला.

सून: 'नुसतं' कार्डात नाही, आई.

सासूबाई: मग मीच वाचताना घातलं. डोळ्यांचं काही खरं नाही आता. पुढे चल.

सून: रूथ.

सासूबाई: रूथ. बायबलमधली, मवाब देशातली सून. नवरा वारल्यावर सासू नामी दोन्ही विधवा सुनांना म्हणाली, आपापल्या माहेरी जा. अर्पा रडून गेली. रूथ गेली नाही. तुझी माणसं ती माझी, तुझा देव तो माझा, असं म्हणून सासूपाशीच राहिली, पूर्णविराम. जुळलं? आता रेवती.

सून: थांबा. इथे खाली बारीक बाण आहे, टाइप करताना सुटला माझ्या नजरेतून. 'मागे पाहा', तुमच्याच अक्षरात.

सासूबाई: मागे काही नाही.

सून: मागे कोरा कागद डकवलाय.

सासूबाई: चुकलं असेल काहीतरी, म्हणून झाकलं.

सून: चूक तुम्ही खोडता. झाकत नाही. सात वर्षं बघतेय मी.

सासूबाई: वकीलच व्हायची होतीस तू. बरं, बाइंडरला काय उत्तर दिलंस?

सून: हे कुठून निघालं मध्येच?

सासूबाई: मध्येच नाही, तेच चाललंय. परवा तू बाजारात गेलीस तेव्हा आला होता. अर्धा तास पुठ्ठ्याबद्दल बोलला बिचारा. उठताना म्हणाला, लग्नाचं विचारलं तर त्या नाही म्हणाल्या, कारण सांगितलं नाही.

सून: कारण असायलाच हवं का?

सासूबाई: मी आहे ना इथे बसलेली, ढळढळीत कारण.

सून: तसं काही नाही.

सासूबाई: खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही.

सून: आई, तुमचा मुलगा गेला तेव्हा माझा भाऊ न्यायला आला होता. तुम्ही माझे कपडे इस्त्री करून, बॅग भरून दारात ठेवलीत. ती मी उचलून आत आणली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई: माहितीये. तू आत आणलीस आणि मी मोरीत जाऊन रडले, सुटले म्हणून. तो कागद काढ.

सून: राहू दे आता.

सासूबाई: काढ म्हणते ना. गेल्या वर्षी त्याने तुला पहिल्यांदा विचारलं, त्याच आठवड्यात डकवलाय. कार्डं टाइप करायला तूच बसणार. म्हटलं, गोष्ट पुढे आहे हे हिला कळूच नये. म्हातारपणी माणूस असा आपमतलबी होतो बघ. लाज वाटते मला.

सून: फाटेल.

सासूबाई: कडेने ओलं बोट फिरव.

सून: 'मग नामीनेच रूथसाठी बवाज नावाचा भला शेतकरी हेरला. अंघोळ कर, चांगलं नेस आणि जा, असं तिनेच सांगितलं.' तिनेच?

सासूबाई: तिनेच. नाहीतर रेवतीचा बाप. लेकीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथलं गाणं संपायची वाट बघत थांबला, खाली येतो तर युगं उलटलेली. मला नाही तसं थांबायचं.

सून: आणि तुमचे डोळे? तुम्हाला वाचून कोण दाखवणार?

सासूबाई: दोन गल्ल्या सोडून राहतो तो, ब्रह्मलोकात नाही. तुला आवडतो का, एवढं सांग.

सून: आवडतो.

सासूबाई: मग झालं तर. उरलेलं वाच.

सून: 'रूथला मुलगा झाला. बायका नामीला म्हणाल्या, सात मुलांपेक्षा तुझी ही सून भारी. नामीने बाळ उराशी घेतलं, तिनेच सांभाळलं. शेजारणी म्हणायच्या, नामीला मुलगा झाला.'

सासूबाई: हं.

सून: एवढं सगळं झाकलंत होय.

सासूबाई: तेवढ्या ओळींवर दोनदा खळ लावावी लागली. चिकटेचना.

सून: आता हे घालायचं तर पुढची सगळी पानं सरकतील. बाइंडरला कळवावं लागेल.

सासूबाई: मग जा, सांगून ये. आणि ती धुवट साडी बदल. चांगली नेसून जा.