वठलेल्या निलगिरीतली बदकं

कोंबड्यांच्या खाद्यासाठी मी नोरीनच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे म्हातारा क्लॅरी, हातात यांत्रिक करवतीची नवी साखळी.

"नोरीन, बदकं झाडावर राहतात का गं?"

"तपकिरी डोकं? मांजरीसारखा आवाज?"

"अगदी! परसातल्या वठलेल्या निलगिरीच्या ढोलीत शिरतात. आज तेच झाड पाडणार होतो."

"रानबदकं ती. दरवर्षी तिथंच अंडी घालत असतील. जन्म गेला त्या घरात, आणि आज दिसली होय?"

"मागच्या दारी माझी बायको, डल्सीच असायची. देवाघरी जाईपर्यंत रोज सकाळी तिथं बोलत बसायची. मला वाटायचं, बहिणीला फोन लावलाय."

"साखळी बांधून देऊ?"

"राहू दे. नोरीन, बदकांशी बोलायचं काय असतं गं?"