सहा खांब आणि एक फर्मा

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे प्रमुख वास्तुरचनाकार विश्वेश गायधनी सर. प्रमुख पाहुण्या, बालसमूहगान मंडळाच्या अध्यक्षा मालिनीताई शुक्ल. आज ज्यांच्यासाठी आपण जमलो ते ज्येष्ठ आरेखक श्री. गोटीराम काकड, म्हणजे आमचे अण्णा. पहिल्या रांगेतल्या नवसाबाई काकू. आणि सभागृहातील सर्व सहकारी आणि स्नेहीजन, आपल्याला माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि भाषण हलकंफुलकं असावं असंही सांगितलं आहे. पहिली अट मी नक्की पाळेन.

अण्णांनी या कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे काढले. त्यांतली शेवटची चार मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते. मी नवी असताना त्यांनी माझा पहिला नकाशा पाहिला आणि म्हणाले, "लय सुंदर काढला पोरी. आता यातून जिना कुठून चढायचा ते बी काढ." मी जिना विसरले होते. (हसू नका, सर. तो नकाशा तुम्ही मंजूर केला होता.)

आता थोडं लांबचं सांगते. अथेन्समध्ये एक लहानसं गोल स्मारक आहे. इसवी सनापूर्वी ३३४ च्या सुमाराचं. मुलांच्या समूहगायनाच्या स्पर्धेत एक वृंद जिंकला, त्याचा खर्च उचलणाऱ्या लिसिक्रातीस नावाच्या गृहस्थाने बक्षिसाची तिवई सगळ्यांना दिसावी म्हणून ते बांधलं. सहा खांब, वर एकाच दगडाचं छप्पर. खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं. ही कॉरिंथियन शैली इमारतीच्या बाहेरच्या अंगाला वापरल्याचं हे आज माहीत असलेलं सर्वांत जुनं उदाहरण मानतात. पुढे त्याच्याभोवती एक मठ उभा राहिला आणि भिक्षू त्यात पुस्तकं ठेवू लागले. अठराव्या शतकात दोन इंग्रज तिथे गेले, त्यांनी इंच न् इंच मोजलं आणि नकाशे छापले. आज एडिंबरापासून सिडनीपर्यंत त्याच्या प्रतिकृती दिसतात. त्या करणाऱ्या कितीजणांनी मूळ दगड पाहिला असेल? बहुतेकांच्या हातात कागदच होता. कागद बरोबर होता म्हणून दगड बरोबर झाला.

मालिनीताईंच्या मंडळाने समूहगान स्पर्धेतल्या विजेत्या शाळांसाठी स्मारक करायचं ठरवलं, तेव्हा सरांनी हाच नमुना निवडला. नकाशे अण्णांनी काढले. दोन महिने ते त्यातच होते. त्या काळात जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या कोबीबद्दल एक शब्द ऐकू आला नाही, यावरून काय ते समजा.

अण्णांची एक पद्धत आहे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ते बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ काढतात. छापील प्रत हातात आली, की आधी स्टीलच्या पट्टीने ती रेघ मोजायची. "प्रिंटरवर इश्वास ठेवायचा नाय. त्याला कागदात बसवायची घाई असते, आपल्याला दगडात बसवायचंय."

खांबांच्या शीर्षांचा फर्मा, म्हणजे ज्यावरून कारागीर दगड आखतो तो खऱ्या मापाचा कागद, छापायचा होता त्या दिवशी अण्णा देवळ्याला लग्नाला गेले होते. तो मी छापला. संगणकात छपाईची 'कागदात बसवा' ही खूण तशीच राहिली होती. रेघ मी मोजली नाही. मोजली असती तर नऊ पूर्णांक सात भरली असती. दगडकाम करणाऱ्या दिनेशभाऊंनी त्या फर्म्यावरून सहाही शीर्षं घडवली. खांब नकाशात लिहिलेल्या आकड्यांवरून कापलेले, म्हणून ते बरोबर. शीर्ष खांबावर ठेवलं तेव्हा चारशे वीस मिलिमीटरच्या खांबावर चारशे सातचा तळ बसला. भोवती साडेसहा मिलिमीटरची कड उघडी राहिली. दिनेशभाऊंना खांबांचे माथे तासून निमुळते करून ती लपवावी लागली.

बैठकीत सरांनी विचारलं, "अण्णा, हे तुमच्या हातून?"

अण्णा म्हणाले, "हातच हाय सायेब. म्हातारा झाला."

मी तिथे होते. मी काही बोलले नाही.

नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. "असं का सांगितलंत?"

"मला ईस-बावीस दिस राहिलेत, तुला तीस वर्सं काढायची हायेत. जा, काम कर."

याला मोठं मन म्हणतात हे मला कळतं. पण बैठकीतलं ते विधान चुकीचं आहे. या गोष्टीला आज बावीस दिवस झाले, आणि एकही दिवस मला ते बरोबर वाटलेलं नाही.

मंडळाला दिलगिरीचं पत्र अण्णांच्या सहीने गेलं. स्मारकाच्या पाटीवर त्यांचं नाव येणार होतं, ते मंडळाने वगळलं. काल पाटीचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. तपासणं माझंच काम आहे. 'आरेखन' या शब्दापुढे माझं नाव होतं. मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "समारंभ होऊ दे, आभा. मग बघू." पण मजकूर उद्या सकाळी दिनेशभाऊंकडे कोरायला जाणार आहे. अथेन्सच्या त्या दगडावर खर्च करणाऱ्याचं नाव आहे, बासरीवाल्याचं आहे, गाणं शिकवणाऱ्याचं आहे. मापं कोणी काढली, ते आज कोणालाच सांगता येत नाही. इथे सांगता येतं.

(हो अण्णा, ऐकू आलं. "बस खाली" म्हणालात. एक मिनिट बाकी आहे.)

मालिनीताई, माझी विनंती लेखी आहे. अध्यक्षांच्या समोरच्या फाइलमध्ये घडलेल्या प्रकाराचं माझ्या सहीचं पत्र आहे, आणि पाटीचा दुरुस्त मजकूर आहे: 'आरेखन – गोटीराम काकड'. तुमची सही झाली की उद्या सकाळी मी तो स्वतः पोचवते. काकू, गेले तीन आठवडे घरी अण्णा गप्प असतील, तर त्याचं कारण मी आहे. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची, ऐकून घेतल्याबद्दल पाहुण्यांची आणि आपणा सर्वांची मी आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी हे बोलणं कोणाला जड गेलं असेल, एखादा शब्द उणाअधिक झाला असेल, तर तो पोटात घालावा. फर्म्याची चूक मात्र कोणी पोटात घालू नये. अण्णा, तुम्हीसुद्धा.