रडायला हॉल मिळत नाही

समारंभाचे अध्यक्ष महापौर डेनिस लालोंद, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मार्जरीबाई फ्रीसन, आणि एवढ्या बर्फातून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी अब्रेहेत तेस्फाय, गावातल्या एरिट्रियन मंडळींच्या वतीनं बोलते आहे. मार्जरीबाईंनी नगरपालिकेचा बहुसांस्कृतिक विभाग इतकी वर्षं सांभाळला. आमच्या पोरींना स्टेजवर नाचवलं, आमची कॉफी अख्ख्या गावाला पाजली. त्याबद्दल मनापासून आभार.

आता मनातलंच बोलते. गेल्या जानेवारीत माझी आई गेली. आमच्यात माणूस गेलं की ओळखीचे सगळे दिवसचे दिवस येऊन बसतात, घरच्यांना एकटं सोडत नाहीत. माझं घर दोन खोल्यांचं. माणसं जिन्यात बसली, तर खालच्या शेजाऱ्यानं पोलीस बोलावले! मी धावत इथंच मार्जरीबाईंकडे आले. म्हटलं, "बाई, हा हॉल द्या. रिकामाच तर आहे."

बाईंनी मला जवळ घेतलं, माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगं, हॉल सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी आहे. हे नियमात कसं बसवू? एखादा नाच ठेवतेस का? लगेच मंजूर करते."

हसताय? आई दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते. बाईंचं मन वाईट नाही हो. पण आमचं नाचणं नि खाणं तेवढी संस्कृती, मग रडणं काय, गोंगाट? कुणी ठरवलं हे धोरण? आम्हाला विचारलं होतं? शेवटी आमच्या म्हाताऱ्या बायका माझ्या घराखाली गाड्यांमध्ये हीटर लावून बसल्या. एकेक जणी वर यायची, माझा हात धरायची आणि दुसरीला जागा करून द्यायला खाली जायची. मला अजून त्याचा संताप येतो.

आजही आम्हाला निरोप आला तो हाच, की पारंपरिक पोशाखात या. आलो.

माझे वडील इस्पितळात आहेत. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. महापौरसाहेब, नुसती मान डोलावू नका, तोंडानं सांगा. ते गेले की हा हॉल आम्हाला मिळणार का?

मार्जरीबाई, तुमच्या निरोपाच्या दिवशी हे बोलावं लागलं, याचं वाईट वाटतं. काही अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. सगळ्यांची मी आभारी आहे. पण मी खाली बसत नाही. साहेब, बोला.