मीटरवर वाढलेली चांदी

जबाब
दौंड पोलीस ठाणे, दिनांक २६ मार्च २००१, सकाळी ११.१० वाजता

मी, करुणा सखाराम ओहोळ, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी (केमिस्ट), राहणार रेल्वे स्टेशनजवळ, दौंड, जिल्हा पुणे. कोणी न बोलावता स्वतः हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे वडील दौंडच्या लोकोशेडमध्ये फायरमन होते. माझे शिक्षण येथील कॉन्व्हेंटमध्ये व पुढे पुण्यास बी.एस्सी.पर्यंत झाले. सन १९९२ पासून मी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीस आहे. फोटो स्टुडिओ व एक्स-रे दवाखान्यांतला वापरलेला हायपो, म्हणजे फिल्म पक्की करण्याचे द्रावण, आमच्याकडे येतो. त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते. ती आम्ही वेगळी काढतो. टाकीत किती चांदी आहे ते मोजून रजिस्टरला लिहिणे हे माझे काम आहे.

मच्छिंद्र ज्ञानदेव दसगुडे, राहणार शिरूर, हे कारखान्यात पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत आहेत. शिरूर व दौंडमधून हायपोचे डबे टेम्पोने आणून टाकीत ओतणे हे त्यांचे काम. पूर्वी शिरूरच्या स्टुडिओतून आठवड्याला चार डबे येत. रंगीत फोटोंची लॅब झाल्यापासून स्टुडिओत फिल्म धुणे बंद झाले व एकही डबा येत नाही. त्या स्टुडिओचे शेवटचे डबे आणले त्या दिवशी मच्छिंद्र यांनी माझा टेबलावर काम करतानाचा एक फोटो आणून दिला. तो माझ्याकडे आहे.

चांदी मोजताना द्रावणात दोन इलेक्ट्रोड बुडवतात. एक चांदी ओळखणारा. दुसरा नुसता स्थिर राहणारा, त्याच्या तुलनेत पहिल्याचे माप कळते. हायपोसाठी हा दुसरा इलेक्ट्रोड दुहेरी नळीचा लागतो. बाहेरच्या नळीत पोटॅशियम नायट्रेटचे पाणी असते, ते हायपोला आतल्या नळीत जाऊ देत नाही. दिनांक १२ फेब्रुवारी रोजी सकाळी धुताना तो माझ्या हातून बेसिनमध्ये फुटला. मी मुंबईहून नवा मागवला आणि तोपर्यंत दुसऱ्या मीटरचा एकेरी नळीचा इलेक्ट्रोड लावला. तो हायपोत चालत नाही हे मी शिकलेले असल्याने मला माहीत होते. चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे असे मला वाटले.

एकेरी नळीत हायपो थोडा थोडा शिरतो व जो इलेक्ट्रोड स्थिर राहायचा तोच खाली घसरतो. मग टाकीत आहे त्यापेक्षा जास्त चांदी दिसते. वजनाचा दगड रोज झिजत होता आणि मी माल वाढला असे लिहीत होते.

दिनांक २ मार्च रोजी दुपारी मच्छिंद्र मला म्हणाले, "बाई, काटा रोज वर सरकतुया. चांदी टाकीत पिल्लं घालती का काय?" मी म्हणाले, "मच्छिंद्र, तू टाकी बघ. मीटर मी बघते." ते हसले व म्हणाले, "व्हय बाई, ऱ्हायलं." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दिनांक २१ मार्च रोजी नवा इलेक्ट्रोड आला. तो लावून पाहिल्यावर माझी चूक मला समजली.

दिनांक २४ मार्च रोजी मालक साहेबराव यांनी रजिस्टरचे आकडे व तयार चांदीचे वजन जुळवले. तीन किलो चारशे ग्रॅम कमी भरले. त्यांनी मच्छिंद्र यांना माझ्या टेबलासमोर उभे केले व म्हणाले, "बाईंचा आकडा नऊ वर्षांत चुकला न्हाई. मग चांदी गेली कुठं?" मच्छिंद्र म्हणाले, "बाईंनी लिवलंय म्हंजी बरोबरच आसंल. पर मालक, म्या न्हाई घेतली." मी तेथे हजर होते. मी काही बोलले नाही.

दिनांक २५ रोजी त्यांना अटक झाली व त्यांच्या घरातून चांदीचे तोडे जप्त झाल्याचे मला समजले. ते तोडे त्यांच्या पत्नी धुरपदा यांचे आहेत. सन १९९४ मध्ये त्यांची मुलगी शितल हिच्या बारशाला मी शिरूरला गेले होते, तेव्हा ते धुरपदा यांच्या पायात होते. त्यांनी मला पायरीवर बसवून पुरणपोळी खाऊ घातली होती. आमच्या चांदीच्या फक्त लाद्या पडतात. तोडे त्यांना परत मिळावेत.

चोरी झालेली नाही. कमी भरलेली चांदी टाकीत कधी नव्हतीच. ती फक्त माझ्या रजिस्टरमध्ये होती. फुटलेला, एकेरी व नवा असे तिन्ही इलेक्ट्रोड आणि रजिस्टर मी सोबत आणून हजर केले आहेत.

वरील जबाब वाचून दाखवला जात असताना मी हवालदारांना थांबवून सांगते की, चूक मला २१ मार्चला समजली हे मी खोटे सांगितले. मच्छिंद्र बोलले त्यानंतर तीन दिवसांनी, ५ मार्चला, सगळे जेवायला गेले असताना मी माहीत असलेल्या मापाचे द्रावण मोजून पाहिले. मीटरने सव्वापट दाखवले. शाळेत सिस्टरनी आम्हाला शाईने लिहायला आणि न खोडायला शिकवले. माझ्या रजिस्टरमध्ये एकही खोडलेला आकडा नाही, मालक ते पाहुण्यांना दाखवतात. त्या दिवशी खरा आकडा लिहिला असता तर आदल्या दिवसाशी जुळला नसता. म्हणून मी पुढेही मीटर दाखवील तेच लिहीत गेले. आजपर्यंत एकवीस दिवस मला माहीत होते.

हवालदार म्हणाले, "मॅडम, मग कागद नवा घिऊ. खाडाखोड बरी दिसत न्हाई." मी नको म्हणाले. २१ मार्चच्या त्या ओळीवर मी माझ्या हाताने रेघ मारली आहे व शेजारी सही केली आहे. बाकीचा मजकूर मी कानांनी ऐकला, तो मी सांगितला तसाच आहे.

समक्ष सही
करुणा सखाराम ओहोळ