आठ कोटी वर्षांपूर्वीचं जेवण

...आणि वर मलाच विचारते, ‘मिसेस वासिंगर, तुमच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी मिळेल का जरा?’ कशाला? तर म्हणे मान दाखवायचीय! कोणाची मान? तर त्या मेल्या पाणसरड्याची! आता सरडा म्हटलं की ती डॉक्टर क्विस्टबाई लगेच बोट वर करते, ‘सरडा नाही हं, प्लेसिओसॉर!’ असेल बाई, असेल! पस्तीस फूट लांब, त्यात निम्म्याहून जास्त नुसती मान, वल्ह्यांसारखे चार पाय, आणि डोकं एवढंसं... माझ्या पावाच्या डब्यात मावेल. आणि ते जेवत कसं होतं यावरून दोन शिकलेली माणसं माझ्या स्वयंपाकघरात हमरीतुमरीवर येतात! अहो, आठ कोटी वर्षं झाली हो त्याला जेवून!

तुम्हाला सांगते, याला कारण आमचा लेनी. माझा नवरा. कुरणाच्या टोकाला, खडूच्या दगडाच्या कड्याखाली कुंपणाचा खांब रोवायला गेला आणि पोतंभर मणके घेऊन घरी आला. ठेवले कुठे? तर जेवणाच्या टेबलावर, माझ्या इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथवर! मी तोंड उघडणार तेवढ्यात हा म्हणतो, ‘बर्नी, एवढी मान घेऊन हे जेवत कसं असेल गं?’ बस्स. लागलं वेड. इथे कॅन्ससात आम्ही चार थेंबांसाठी आभाळाकडे डोळे लावून बसायचं, आणि हा रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की विचारणार, ‘त्या काळी समुद्र किती खोल असेल गं इथे?’ मला काय माहीत! मी काय तिथे कपडे वाळत घालत होते?

मग कड्याखालचं बाकीचंही खणून काढून सगळी हाडं गावातल्या म्युझियमने नेली. म्युझियम म्हणजे काय, जुनं ट्रॅक्टरचं दुकान, रंग दिलेलं. तिथली डीना म्हणाली, छताला टांगू, शिकार करतानाच्या अवस्थेत, अगदी जिवंत वाटेल. लेनी हरखला. आणि त्याच उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, याचं मधलं दिसणं चाललंय. कडेकडेचं राहील, पण तेही किती दिवस सांगता येत नाही. म्हणजे तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलात तर तुमचे कान दिसतात त्याला, नाक नाही दिसत. घरी येताना गाडीत हा एकच वाक्य बोलला. ‘ते टांगलेलं मला बघायचंय, बर्नी. शिकार करताना.’ मी शेजारीच बसले होते हो, गाडी मीच चालवत होते! बायकोचं तोंड डोळे भरून बघायचंय, असं नाही म्हणाला मेला!

पण ठीक आहे. हौस आहे त्याची. मी डीनाला फोन केला, म्हटलं, लवकर टांगा. तर ती म्हणते, सगळी हाडं तयार आहेत हो, फक्त मानेतली लोखंडी सळई वाकवायची राहिलीय, ती कशी वाकवायची ते दोन तज्ज्ञ ठरवतायत. ठरवतायत! अहो, सळई आहे ती, राज्यघटना आहे का? ती क्विस्टबाई म्हणते, प्राणी खाली अंधारात दडायचा आणि मान हळूच वर घालायचा माशांच्या थव्यात, म्हणून मान वर. आणि ते दुसरे, डॉक्टर हॅलोरन, दाढीवाले, ते म्हणतात, छे छे, अंग वर तरंगत ठेवायचा आणि मान खाली सोडून तळाशी चरायचा, म्हणून मान खाली. ती वर, हे खाली. ती वर, हे खाली. इकडे लेनीचा टीव्ही गेला, वर्तमानपत्र गेलं, गाडीची किल्ली मी लपवली, आणि सळई आपली सरळच्या सरळ!

शेवटी मीच शहाणपणा केला. म्हटलं, दोघांना रविवारी जेवायला बोलावते, पोटात गेलं की नरम येतील. सकाळपासून खपले, कोबी चिरला, खिमा परतला, पावात भरून बिअरॉक भाजले. आणि काय करावं त्या हॅलोरनने? माझा बिअरॉक उचलला आणि म्हणतो, ‘हा मासा समजा.’ समजा काय? कोबी आहे त्यात! वरून काटा घेऊन आला त्याच्यावर. ही बया टेबलाखालून हात काढून आली. दोघांची टक्कर, बिअरॉक खाली, कुत्र्याने मटकावला. शिकार तेवढी कुत्र्याला कळली. आणि आमचा लेनी, डोळ्याच्या कडेने दिसावं म्हणून कोंबडीसारखी मान तिरकी करून, ‘काय झालं? बर्नी, कोण जिंकलं?’

तिथे थांबतील तर शप्पथ! ‘पाण्यात करून दाखवते,’ क्विस्टबाई म्हणाली. म्हणून ती व्हॅक्यूमची नळी. वरात निघाली गुरांच्या पाण्याच्या टाकीकडे. त्यात लेनीने शेवाळं खायला सोडलेले सोनेरी मासे, बिचारे आपल्या कामात. तिने नळीच्या टोकाला माझा चिमटा बांधला... माझा! कपड्यांचा!... आणि तळातून वर आणायला लागली. हॅलोरन वरून बाही सरसावून खांद्यापर्यंत आत. ‘तुमचा हात मध्ये येतोय!’ ‘तुमची नळी मध्ये येतेय!’ आणि धप्पकन बाई टाकीत! गाई चघळायच्या थांबल्या हो बघायला. मासे कधीच कोपऱ्यात जाऊन बसलेले, एक मासा सापडेल तर शपथ. बाई ओलीकच्च, आणि तशाही अवस्थेत ओरडतेय, ‘पण कोन बरोबर होता!’ अहो कसला कोन, आठ कोटी वर्षं झाली त्याला जेवून!

लेनी टाकीच्या कठड्यावर हात ठेवून उभा. मग हळूच म्हणाला, ‘मला यातलं काहीच दिसलं नाही गं.’

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. डीनाला फोन लावला आणि म्हटलं, बाई गं, हा माणूस आंधळा होण्याची वाट बघताय का तुम्ही? तसं सांगा, मी त्याला खोटंच सांगते की टांगलंय! डीना रडली. रडू दे. मग तिने त्या दोघांना खोलीत बसवलं, म्हणाली, एकमत करा नाही तर हाडं परत पोत्यात. आणि केलं हो त्यांनी एकमत! कशावर? तर म्हणे तो प्राणी मेला यावर! मेला, तळाला गेला, कुशीवर पडला. एवढं एकच दोघांना मान्य. म्हणून मग शिकार नाही नि मान वर-खाली नाही, खडूच्या लादीवर जसा सापडला तसाच आडवा मांडला.

उद्‌घाटनाला लेनी टाय लावून आला. लग्नानंतर पहिल्यांदा. मान तिरकी करून इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि म्हणाला, ‘हे तर असंच पडलं होतं आपल्याकडे.’ मग दोरी ओलांडून आत गेला, कोणी अडवलं नाही, मी बघत होते कोण अडवतंय ते. एकेक मणका चाचपत डोक्यापर्यंत पोचला, दातांवरून बोट फिरवलं. आणि इतक्या बारीक आवाजात विचारलं, ‘बर्नी, पण जेवत कसं होतं गं?’

दोन्ही विद्वान पुढे सरसावले. ‘त्याचं काय आहे, लेनी...’ म्हटलं, खबरदार! एक शब्द काढलात तर दोघांनाही इथेच आडवं मांडीन. लेनीला म्हटलं, इकडे ये. माझ्याकडे बघ. तिरका नाही, सरळ. काय दिसतंय?

‘काही नाही. धुरकट.’

‘तू मासा आहेस. पोहत राहा.’

आणि माझा हात नेला, त्या धुरकटातून, बरोब्बर मधून, हळूहळू... आणि पकडलं नाक! असा किंचाळला हो, अख्खं म्युझियम दचकलं! आणि मग हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. ‘दिसलंच नाही गं! बर्नी, त्या माशाला ते दिसलंच नसणार!’ मीही रडले, कशाला लपवू. आणि मागून ती बया, ‘बघा, हात खालून गेला!’ आणि ते दाढीवाले, ‘छे, वरून गेला, मी पाहिला!’

आता रोज सकाळी कॉफीच्या आधी नाक पुढे करून बसतो. ‘बर्नी, कर ना.’ मी करवादते, मला कामं आहेत, आठ कोटी वर्षं झाली त्याला जेवून... आणि करते. सुरुवातीला जरा जपून न्यावा लागायचा हात, अगदी मधोमध, नाही तर कडेने दिसायचा त्याला, ‘मान दिसली!’ म्हणून टाळी वाजवायचा. आता नाही लागत जपायला. वरून नेला काय, खालून नेला काय... आता कुठूनही नेला तरी चालतो.