कुसुमताईंनी पाण्यालाच विचारलं

मंडळी, रामराम. माळावरून उतरून आलेल्यांना, खालच्या गल्लीतल्यांना, परभणीहून आलेल्या ताईंच्या विद्यार्थ्यांना, सगळ्यांना रामराम.

मला बोलायला उभं केलंय, पण खरं सांगतो, बोलणं लय जड जातंय. जन्म एसटीत कंडक्टरकीत गेला. ‘पुढं सरका, मधी जागा हाय’ याच्यापलीकडं माझं भाषण कधी गेलं नाही. आणि आज समोर हा हार घातलेला फोटो. बघा, फोटोत पण ताई हसायल्यात. मग आपण तरी तोंड पाडून कशाला बसायचं?

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. मी दत्तराव, ताईंचा शेजारी. ताई परभणीला इंजिनिअरिंगच्या पोरांना पाणी शिकवायच्या. मी एकदा विचारलं, “ताई, पाण्यात काय शिकवायचं असतं? ते येतं आणि जातं.”

त्या म्हणाल्या, “दत्तराव, येताना वाटेत अडतं कुठं, तेच शिकवायचं असतं.”

पाइपातल्या पाण्याचा दाब मोजायचा, हा त्यांचा विषय. पाइपाला उभी नळी जोडायची आणि तिच्यात पाणी किती चढतं ते बघायचं. जितका दाब जास्त तितकं पाणी उंच. त्याला मॅनोमीटर म्हणतात. मी बरेच दिवस ‘मन्या मीटर’ म्हणत होतो. ताईंनी कधी दुरुस्त केलं नाही. उलट विचारायच्या, “काय दत्तराव, तुमचा मन्या काय म्हणतोय?”

रिटायर झाल्यावर ताई गावी राहायला आल्या, आणि त्याच सुमारास गावात भांडण पेटलं. ते भांडण इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण ते मिटलं कसं, हे आज परत एकदा मोठ्यानं सांगायला पाहिजे.

आपल्या टाकीचं पाणी आधी खालच्या गल्लीत येतं. तीच लाइन पुढं चढावानं माळावरच्या वस्तीला जाते. सुरुवातीला दोन्हीकडं पाणी नीट यायचं. पुढं काय झालं देव जाणे, माळावरचे नळ आटले. माझ्या नळाला धो धो आणि सोपानच्या नळाला थेंब थेंब.

सोपान इथं समोरच बसलाय. मेंढ्या राखतो. आम्ही दोघं एका पाटीवर शिकलो, एका दिवशी शाळा सोडायला निघालो, आणि एकाच दिवशी मार खाऊन परत गेलो. दरसाल त्याचा कळप माझ्या वावरात बसायचा. त्याच्या लेंडीखतावर माझी ज्वारी पोसायची.

नळ आटल्यावर वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन माळ उतरायला लागल्या. एक दिवस सोपानची बायको, आपली गयाबाई, भरल्या घागरीसकट घसरली. हात मोडला. सोपान तसाच माझ्या दारात आला.

“दत्त्या, नळाला मोटार लावून आमचं पाणी वढायलास तू!”

“मोटार असंल तं दाव की.”

“कशी दावू? आमी आलो की काढून ठिवायलास!”

नसलेली मोटार दाखवायची कशी आणि नाही म्हणून पटवायचं कसं? बोलणं तुटलं. त्या साली त्याच्या मेंढ्या माझ्या वावरावरून दुसऱ्याच्या वावरात गेल्या. मी बांधावर उभा होतो. त्यानं मान वळवली नाही. लय लागलं मला ते, मंडळी.

मग ती ग्रामसभा. ह्याच मंडपात. माळावरचे तिकडं, आम्ही इकडं, आणि दोन्हीकडच्या हातात काठ्या. ताई उठल्या. अंगानं एवढ्याशा, पण आवाज वर्गातला.

“खाली ठेवा आधी त्या. तुम्ही सगळे एकमेकांना विचारताय. उद्या सकाळी आपण पाण्याला विचारू.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी मागवली. एक नळी माझ्या नळाला जोडून गच्चीवरच्या बांबूला बांधली. दुसरी सोपानच्या नळाला जोडून लिंबाच्या फांदीला उभी केली. प्रत्येक नळीत एक लाल लाकडी मणी सोडला, पाणी लांबून दिसावं म्हणून. म्हणाल्या, “गावातले सगळे नळ बंद करा. एक थेंब कुणी घ्यायचा नाही.”

पाणी चढायला लागलं. माझ्याकडं गच्चीच्या वर. सोपानकडं हळूहळू, हळूहळू, पण चढत चढत पार लिंबाच्या मधल्या फांदीला. लोक आ वासून बघायलेत. ताई म्हणाल्या, “खालची जागा सखल म्हणून तिथं नळी जास्त भरली. पण थांबलंय दोन्हीकडं टाकीच्याच पातळीला. म्हणजे आत्ता कुणीही पाणी ओढत नाही.”

सोपान ऐकतोय होय! “आज मोटार काढून ठिवली आसंल त्यानं.”

मला वाटलं आता ताई चिडतील. त्या खूश झाल्या! “शाब्बास सोपानराव. माझी पोरं एवढी शंका काढत नव्हती. आता असं करा, तुमची माणसं खालच्या प्रत्येक नळापाशी उभी करा. आणि फक्त वस्तीवरचे नळ सोडा.”

सोडले. माझ्या नळीतला मणी थोडासा हलला आणि थांबला. लिंबावरचा मणी मात्र धाडकन खाली. खालचे सगळे नळ बंद, सोपानचीच माणसं राखणीला, आणि तरी वरचा दाब गेला. म्हणजे दुखणं माझ्या घराच्या पुढं कुठंतरी होतं.

मग नळी घेऊन ताई चढावानं निघाल्या, मागं अख्खं गाव. शाळेच्या नळाला लावली, पाणी उंच. पिठाच्या गिरणीच्या नळाला लावली, पाणी पडलं. शाळा आणि गिरणी यांच्या मधी काय? वेशीचं वळण. तिथं खोदलं. रस्त्याच्या मुरमाखाली एक व्हॉल्व्ह निघाला, जवळजवळ बंद केलेला, जरासाच उघडा. रस्ता करताना कुणी बंद केला आणि कोण उघडायचं विसरलं, आजवर कळलं नाही. ताईंनी ते शोधूही दिलं नाही. “पाना आणा,” एवढंच म्हणाल्या.

व्हॉल्व्ह गंजलेला. सोपाननं जोर लावला, हलेना. मी लावला, हलेना. ताई शांतपणे म्हणाल्या, “दोघं मिळून लावा की. का त्यालाही मीटिंग घ्यायची?”

लावला. खांद्याला खांदा लागला. कर्र करून चक्र फिरलं, आणि थोड्या वेळानं वरून गयाबाई, गळ्यात प्लास्टरचा हात, माळ दणाणून ओरडली, “आलं गं बया! पाणी आलं!”

सोपान त्या दिवशी पाना टाकून तसाच माळ चढून गेला. पण पुढच्या आठवड्यात सकाळी वावरात गेलो, तर मेंढ्यांचा गलका. न विचारता कळप आणून बसवलेला. मी नुसता बघत राहिलो. तर म्हणतो, “बघायलास काय? च्या सांग.”

मंडळी, ताई असं वागायच्या. कोण चुकलं हे त्यांनी कधी उगाळलं नाही.

शेवटच्या आजारात ताडकळसचे डॉक्टर घरी आले. त्यांच्याकडं उभ्या नळीत पारा चढतो ते जुनं बीपीचं यंत्र. डॉक्टर उभ्यानंच आकडा वाचायला लागले. ताईंच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, तरी म्हणाल्या, “डॉक्टर, डोळा पाऱ्याच्या पातळीला आणा, मग वाचा.” डॉक्टर हसत हसत गुडघ्यावर बसले. परत वाचलं. तर ताई आम्हाला म्हणतात, “बघा दत्तराव, शेवटी माझ्यावरच मन्या लावला.”

हसलो आम्ही. सोपान पण हसला आणि उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.

ताईंना लेकरं नव्हती. परवा उचलायच्या वेळी खांदा कुणी द्यायचा, असं एका पाहुण्यानं हळूच विचारलं. उत्तर द्यायची वेळच आली नाही. पुढच्या बाजूला माळावरचे दोघं, मागच्या बाजूला खालच्या गल्लीतले दोघं, आपोआप उभे होते.

आता सगळ्यांनी उभं राहावं. जिथं आहात तिथंच, शेजारी कोण आहे ते बघत बसू नका. थोडा वेळ गप्प राहू.

कुसुमताई, गावाचा रामराम घ्या.